छत्तीस मरीन, बारा चिलखतं

सोमवार, १० मार्च

जमलं! म्हणजे अजून नाही, पण जमल्यातच जमा. लेकीने अखेर हो म्हटलं — "एकच रविवार, बाबा. बाकी चौघांचं पटलं तर खुर्ची कायमची." दर रविवारी तिच्या घरी टेबलाभोवती अंतराळयानाचा खेळ चालतो. गोष्ट ती सांगते, बाकीचे यानावरची माणसं होऊन बोलतात, नशीब फाशांवर. ती वेगळी राहायला लागल्यापासून आमची भेट म्हणजे फोनवर "जेवलात का?" एवढीच. मला खेळाचं कसलं कौतुक! मला तिच्यासमोर बसायला ते चार तास हवेत.

मंगळवार, ११ मार्च

काम मिळालं. यानावर मरीनची तुकडी उभी करायची. मरीन म्हणजे शत्रूच्या यानात घुसून लढणारे शिपाई, अंगात मोटरवर चालणारं चिलखत — एकेक म्हशीच्या वजनाचं. माणसं छत्तीस. यानावर वजनाला मर्यादा. यानाचा कॅप्टन (एरवी दातांचा डॉक्टर) फोनवर म्हणाला, "काका, अवघड असतं हो हे. आमचं दोनदा फसलंय."

मला सांगतोय! एकतीस वर्षं बस डेपोत ड्युट्या लावल्या मी. चारशे ड्रायव्हर, तेवढेच कंडक्टर, आणि सगळ्यांच्या मेहुण्यांची लग्नं नेमकी एकाच दिवशी. छत्तीस मरीन म्हणजे किस झाड की पत्ती!

गुरुवार, १३ मार्च

तक्ता तयार. तीन पाळ्या, बारा-बारा जणांच्या. आणि खरी करामत पुढेच — चिलखतं फक्त बारा! पाळी संपली की उतरवायचं, पुसायचं, पुढच्याच्या अंगावर चढवायचं. एक बस तीन ड्रायव्हर चालवतात, प्रत्येकाला वेगळी बस देतं का कोणी? डेपोत उभी बस म्हणजे पाप. वाचलेल्या वजनात दोन महिन्यांचं जास्तीचं खाणं भरलं. स्वतःवरच इतका खूश झालो की चहा दोनदा घेतला.

छत्तीस जणांना नावंही देऊन टाकली. टकल्या, घोरकी, लांबी, हिशेबनीस… समोर शेरे: 'आई आजारी, लांबची मोहीम नको.' 'नवं लग्न, सकाळपाळी द्यावी.' नुसत्या नंबरांना ड्युटी लावायला मला जमत नाही.

शनिवार, १५ मार्च

शर्टाला इस्त्री केली. उद्या झेंडा रोवणार.

रविवार, १६ मार्च

फजिती! पहिला तास झकास गेला. मग लेक म्हणाली, "चाच्यांची दोन यानं आलीयत. दोन्हीकडून दारं कापतायत."

मी थाटात — "सगळे मरीन बाहेर! छत्तीसच्या छत्तीस!"

"अंगात काय?"

तक्त्याकडे पाहिलं. बारा चिलखतांत. बाकी चोवीस जण झोपायच्या कपड्यांत!

"काका, उरलेली चिलखतं कुठेयत?" हे वैमानिकबाईंनी विचारलं. एरवी त्या शाळेत भूगोल शिकवतात.

"त्याऐवजी… खाणं घेतलंय."

लोक हसून हसून टेबलावर आडवे झाले. डेपोत सगळ्यांना एकदम बस कधीच लागत नाही हो! लढाईत लागते. शेंबड्या पोराला कळेल ते एकतीस वर्षांच्या अनुभवाला कळलं नाही.

फासे बरे पडले म्हणून यान वाचलं. एकोणीस मरीन गेले. लेक गोष्ट पुढे नेऊ लागली, तर माझ्या तोंडून गेलं, "थांब जरा." तक्ता पुढे ओढला आणि एकेकाचं नाव वाचून रेघ मारली. टकल्या. घोरकी. लांबी — हिची आई आजारी होती. या वेळी कोणी हसलं नाही. कॅप्टन हळूच म्हणाला, "आम्ही आजवर नुसते आकडे खोडत होतो, काका."

निघताना खुर्चीचा विषय कोणी काढला नाही. मीही विचारलं नाही. घरी आल्यावर फार वाईट वाटलं. आपल्याच शहाणपणाने रविवार घालवला.

सोमवार, १७ मार्च

दुपारी कॅप्टनचा फोन. चौघांचं एकमत! "खुर्ची तुमची, काका. फक्त चिलखतं वाढवा." म्हटलं होतं ना, जमल्यातच जमा! शिल्लक सतरा, नवी भरती एकोणीस, चिलखतं छत्तीस. खाणं कमी. नवा तक्ता आत्ताच घेतो करायला.

बुधवार, १९ मार्च

लेक घरी आली होती. महिनाअखेर परदेशी चाललीय, तीन वर्षांसाठी. जानेवारीतच ठरलेलं. "रविवारी एकटे बसून राहिला असतात, बाबा. म्हणून आधी तुमची सोय लावली." खेळ आता कॅप्टन चालवणार. मला मिळालीय ती तिची खुर्ची.