जड पॉवर सप्लाय

बाबा,

कॉम्प्युटर सुरू करू नका. ग्राझची बस तासभर लवकर सुटतेय, म्हणून तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येईपर्यंत थांबता आलं नाही.

तुम्ही जुन्या बाजारातून आणलेला पॉवर सप्लाय मी सकाळी उघडला. तुम्हाला न विचारता, चुकलंच माझं. विकताना स्लावोल्युबकाका तुम्हाला म्हणाले होते ना, "हातात धरून बघ, रादिशा, नवे म्हणजे नुसता पत्रा!" जड होता खरा, पण आत लोखंडी पट्टी चिकटवली आहे. दोन कपॅसिटरही फुगलेत, सुरू केला तर सगळं यंत्र जळेल. तुम्ही टीव्ही दुरुस्त करायचात तेव्हा जड म्हणजे तांबं जास्त, म्हणजे माल चांगला, हा हिशेब बरोबरच होता. आता आतली रचना बदलली आहे, हलकाही चांगला निघतो. काकांनाही हे ठाऊक नसणार. त्यांच्याशी भांडू नका.

नवा पॉवर सप्लाय टेबलावर आहे. मी बसवू शकले असते, पण मुद्दाम खोक्यातच ठेवलाय. मी परदेशी, ग्राझला गेल्यावर मला बघता यावं म्हणून तुम्ही हे यंत्र हाताने जोडलंत, शेवटची वायरही तुम्हीच लावा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंय. खिडकीपाशी बसा आणि चष्मा लावा. घरात हसणारं कुणी नाही.

फ्रीजमध्ये कोबीच्या पानांत गुंडाळलेला सार्मा आहे, गरम करून खा.

रविवारी सातला मी फोन करणार नाही. कॉम्प्युटरवरच येईन, आणि तुमचा चेहरा दिसेपर्यंत बसून राहीन.

नेवेना