मासळीच्या तोंडातली अंडी

मंगळवार, संध्याकाळ

नरांच्या टाकीत आज परत एका मासळीच्या तोंडात अंडी सापडली. तिलापियाची मादी अंडी तोंडात धरते, पण इथे मादी आली कुठून? नुसते नर निपजावेत म्हणून दोन जातींची जोडी लावतात. त्या जाती वेगळ्या ठेवायचं काम माझं. काल मुकादम संपत ओरडला, “तूच मिसळी टाकात. सकाय मोलगीले निंघी जाय.” म्हणजे काम सोडून माझ्या गावी परत. मी मिसळले? दोन्ही जातींना जाळी तर रोज वेगवेगळी वापरतो.

दुपारी मासे तपासायला कॉलेजच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, एका जातीत नर-मादी बापाकडून ठरतं, तिच्या चुलत जातीत आईकडून. माशांत हे बदलतच आलंय. मूळ आईबापच भेसळीचे असले की माद्या निघणारच. त्यांनी संपतला विचारलं, “आणले कुठून?” तो जाळी उचलून बाहेर निघून गेला. माझ्या डोळ्यासमोर ती तोंडातली अंडीच.

आत्ता संपत स्वतः चहा घेऊन आला. “तू मन्हा भाऊ शे. मासा कोठथीन लयनूत ते मॅडमले सांगू नको.”

काल हाकलत होता, आज भाऊ. म्हणजे मासे मुळातच भेसळीचे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आता आठवतं, दोन्ही जाती त्याने आणलेल्या एकाच ड्रममधून आल्या, मीच उतरवल्या. उद्या मॅडम येतील तेव्हा सांगणार. मोलगीला जावं लागलं तर जाईन, पण त्याचं पाप माझ्या डोक्यावर घेऊन नाही.