हाजीच्या दाराची कडी

इस्लामपूर, १२ ऑक्टोबर १९७५

आदरणीय सुगराफुफीस रुकैयाचा सा. सलाम वि. वि.

अब्बांचा हजचा नंबर लागला. महिनाअखेरीस मुंबईहून जहाज आहे. ते घरोघर जाऊन झालंगेलं माफ करा म्हणतायत. पानमळ्याच्या बांधावरून भांडलेल्या नाथाजीकाकांकडेही गेले, तर काका म्हणाले, माफ केलं, पण भांडायला परत या.

दुखवलेला माणूस मागे ठेवून गेलं तर हज म्हणजे नुसता प्रवास, हे कुराण शिकवताना तुम्हीच मला सांगितलंत. तुमची, त्यांच्या सख्ख्या बहिणीची, माफी राहिली आहे, म्हणून मला झोप नाही. अब्बा म्हणतात, सातारा लांब, तूच लिहून मागव.

मुलीवर राग धरू नये.

सातारा, १७ ऑक्टोबर

चि. रुकैयास अनेक दुवा.

सातारा कधीपासून लांब झालं गं? तुझे अब्बा दर गुरुवारी पानांच्या करंड्या घेऊन इथल्या बाजारात येतात. भाव करतानाचा त्यांचा आवाज माझ्या गल्लीत ऐकू येतो.

नवऱ्यानं टाकल्यावर तापानं फणफणलेल्या माझ्या लेकराला, सलीमला घेऊन मी तुमच्या दाराशी बसले होते. ते आतून म्हणाले, तू घरात आलीस तर माझ्या पोरींना कोण करून घेणार. आणि कडी लावली. सलीम माझ्या मांडीवर गेला, कऱ्हाडच्या पुढं, एस.टी.त. हे कार्डावर माफ होत न्हाई. त्यांनी यावं, तोंडानं मागावं. बसायच्या आत देईन. येत्या गुरुवारी तांदळाची खीर करते, त्यांना लय आवडते.

वाचन सोडू नकोस. माया आहेच.

इस्लामपूर, २७ ऑक्टोबर

आदरणीय फुफीस सा. सलाम वि. वि.

काल अब्बा हार घालून मुंबईला निघाले. गुरुवारी साताऱ्याहून आल्यावर ओसरीवर सगळ्यांना सांगत होते, की बहिणीनं गळ्यात पडून माफ केलं, स्वतःच्या हातानं शेवया वाढल्या. अम्मी रडली. मी शुक्रान्याची, आभाराची नमाज पढले.

एवढंच टोचतं, की तुम्ही तांदळाची खीर लिहिली होती. मी उगीच कीस पाडते, रागवा मला, पण एक ओळ लिहा.

तुमच्या लोभाची भुकेली, रुकैया.

सातारा, ३१ ऑक्टोबर

चि. रुकैयास दुवा.

त्या गुरुवारी मी दार उघडून बसले होते. दुपारी ते रिकाम्या करंड्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले. मला पाहिलं. मी पदर सावरून उठेपर्यंत वळून गेले. खीर शेजारच्या शालूबाईंनी खाल्ली, वर साखर कमी म्हणाल्या.

तू म्हणशील, मनातून माफ करा. ज्यानं हातच पुढं केला न्हाई, त्याला काय देऊ? मक्केला पत्रं पोचतात. त्यांचं खोटं कळलंय, असं लिहिलंस तर बापाचं हज राखशील आणि बाप गमावशील. न्हाई लिहिलंस तर रोज सकाळी हाजीसाहेब म्हणून चहा दे.

तुझं तू ठरव. दुवा आहेच.

इस्लामपूर, २० जानेवारी १९७६

आदरणीय फुफीस सा. सलाम वि. वि.

मी लिहिलं होतं. अब्बा परवा परतले. पत्र अराफातच्या मैदानात जायच्या आधीच मिळालं, म्हणाले, अगदी शांतपणे. तिथं सगळे गुन्हे धुतले जातात, त्यात तुझ्या फुफीच्या बाबतीतलंही धुतलं गेलं, म्हणाले. माझं वाचणं-लिहिणं त्यांनी आजपासून बंद केलं. हे पत्र शेजारची राहीबाई चोरून पेटीत टाकेल.

मक्केहून आणलेल्या झमझमच्या पाण्याचा घोट साऱ्या गल्लीला मिळाला. तुमच्यासाठी झाकून ठेवलेली वाटी अब्बांना दिसली. बिस्मिल्ला म्हणून त्यांनीच ती पिऊन टाकली.

लोक दुवा घ्यायला येतात. हाजीच्या घराचं दार कुणाला बंद दिसू नये म्हणून अब्बांनी कडी काढून टाकली. साताऱ्याचं पत्र आलं तर न फोडता परत न्यायचं, हे पोस्टमनला त्यांनी त्याच उघड्या दारातून सांगितलं.

उत्तर पोचणार नाही, तरी माया असू द्यावी.

रुकैया