देवापुढच्या गोळ्या

अहो, चिठ्ठी घेऊन देवापाशी बसा. तुम्हाले अर्धीच ठाऊक असलेली कथा सांगते.

गुडघेदुखीच्या अभ्यासासाठी कॉलेजच्या मॅडमनं मले हळदीच्या अर्काच्या गोळ्या दिल्या, फक्त माझ्यासाठी. मी त्या देवापुढे ठेवल्या. मग प्रसाद एकटीनं कसा खावा? कीर्तनानंतर रोजची गोळी तांड्यावरच्या सुखीबाईले देत गेली. हळदच तर आहे, म्हटलं! मॅडमनं दिलेल्या वहीत मात्र 'मी खाल्ली' असंच लिहिलं.

आता तिले कावीळ झाली, अन् ती या गोळ्या खात होती, हे तिच्या डॉक्टरले माहीतच नाही. तुम्ही म्हणता, "गप राह्य, नाव खराब होईल." होऊ द्या. डबी अन् वही घेऊन साडेआठच्या बसनं यवतमाळच्या दवाखान्यात चालली. तिथूनच मॅडमलेही फोन करीन.

वरण झाकून ठेवलं आहे. सांजेले दिवा लावाल, तेव्हा माझं नको, सुखीबाईचं नाव घ्या.

— इंदू