अडवलेलं गोडं पाणी

आये, यंदा नारळी पौर्णिमेला खाडी मैदानात आली. मैदान म्हणजे गोल्फचं. तू त्याला शेवटपर्यंत खारच म्हणायचीस, खाडीलगतची आपली भातजमीन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि आपल्या खाडीत ती आणखी पाऊण तासाने पोचते, हे तू मला पाढ्यांच्या आधी शिकवलंस. पौर्णिमेची भरती म्हणजे बाराचा सुमार. चिंचोटीच्या डोंगरावर तीन दिवस पाऊस होता आणि ते सगळं पाणी खाली उतरत होतं. बाराला दोन्ही पाणी समोरासमोर आली आणि खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बाहेरचा बांध फुटला. मी आणि निंदणीच्या बायका पंपाच्या शेडच्या ओट्यावर उभ्या होतो. फेअरवेचा लांब हिरवा पट्टा गेला, बंकरचे वाळूचे खड्डे गेले, मग ग्रीन. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीचं ते बारीक कापलेलं गवत, ज्यावर तुला अनवाणी चालू देत नसत. पाण्यात नुसत्या झेंड्याच्या काठ्या उभ्या राहिल्या.  तुझ्या शेजारी बसून निंदणारी मावशी म्हणाली, "खाडीला आपलं घर आठवलं."

ती मावशी अजून कामावर आहे. गुडघे धरतात, पण खुरपं चालतं. तुम्ही दोघी पहिल्या दिवशी कामाला लागलात तेव्हाचं तुझं बोलणं ती नव्या बायकांना सांगते. तू पुरं मैदान बघितलंस आणि मुकादमाला विचारलंस, "एवरं गवात लावलं, आनि गुरं कवा सोरनार?" बायका हसतात. मला आता हसू येतं. तेव्हा मी शेतीच्या डिप्लोमाला होते आणि हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

खालचे चार होल पाण्यात गेले. वरचे पाच वाचले. ओहोटीला पाणी उतरलं, दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली, तिसऱ्या दिवशी ग्रीनवर मिठाची पांढरी साय धरली. गवत आधी निळसर झालं, मग चहाच्या चोथ्यासारखं. मातीतला खार मोजायचं यंत्र शेडमध्ये होतं, तेही भिजून बंद पडलं. क्लबचे सेक्रेटरी पाहणीला आले. मुंबईतून निवृत्त होऊन इकडे फ्लॅट घेतलेले गृहस्थ, आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, "मॅडम, हे दरवर्षीचं होणार. आपण खालच्या चार होल्सना भराव घालू. सहा फूट उचललं की प्रॉब्लेम संपला." मी विचारलं, पाणी मग कुठे जाईल. ते म्हणाले, "पाणी काय, जाईल कुठेतरी." कुंपणापलीकडे आपला पाडा आहे. तू सारवलेला ओटा आता लादीचा आहे, पण आहे तितक्याच उंचीवर. आज जे पाणी या चार होलांवर पसरतं आणि ओहोटीला निघून जातं, ते भरावानंतर आपल्या चुलीपर्यंत येईल. सेक्रेटरी वाईट नाहीत. ते सातव्या मजल्यावर राहतात.

मी मुदत मागितली. म्हटलं, दिवाळीपर्यंत द्या, गवत परत आणते. "आणि नाही आलं तर?" म्हटलं, मग डंपर बोलवा. हे बोलून मी घरी निघाले. पायात तू घेतलेले गमबूट होते. मला इथे गवत सांभाळायची नोकरी लागली त्या दिवशी तू वसईच्या बाजारात एकटी गेलीस आणि दोन नंबर मोठे गमबूट घेऊन आलीस. मी चोवीस वर्षांची. म्हणालीस, "र्‍हाऊं दे. अजून वाडशील." दोन मोजे चढवून मी ते अजून घालते.

गवत कसं आणायचं हे मला ठाऊक होतं. ठाऊक कसं झालं, ते सांगते.

मी अकरा वर्षांची आहे. पेरणी व्हायची आहे. बाबा मिठागरावर, तू आणि मी खारीत. उन्हाळाभर जमिनीने वर ओढलेला खार अजून मातीत आहे आणि पाऊस नुकता लागला आहे. तू उघाडीच्या फळ्या खाली सोडतेस, बांधातलं ते दार बंद करतेस, आणि पडेल तेवढं गोडं पाणी खाचरात अडवून ठेवतेस. तीन दिवस. मग ओहोटी बघून सोडायचं. मग पुन्हा अडवायचं. असं तीनदा. दर वेळी तू वाकून चिमूटभर चिखल जिभेवर ठेवतेस. घरात पेजेतलं मीठ बघताना तुझा चेहरा जसा होतो, तसाच होतो. डोळे मिटतात, जीभ टाळूला लागते. मग थुंकून म्हणतेस, "अजून हाय."

दुसऱ्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी तू भाजी घेऊन वसईला गेलीस. मी बांधावर बसले होते. पाण्याला वास सुटला होता. फेस आला होता, बारके मासे उलटे तरंगत होते. मला वाटलं, खाचर कुजतंय. मला वाटलं, तू येशील तेव्हा स्वच्छ खाचर बघून मला शाबासकी देशील. फळ्या जड होत्या. मी दोरी कमरेला बांधून एकेक वर ओढली. पाणी बाहेर जायची वाट बघत राहिले. ते आत आलं. भर दुपारची भरती होती आणि मी तिथी मोजलीच नव्हती.

तू आलीस तेव्हा मी रडत होते. तू मारलं नाहीस. माझं बोट धरून पाण्यात बुडवलंस आणि माझ्याच तोंडात घातलंस.

"चाख."

"खारं."

"आनि सकाली?"

सकाळी मी चाखलं नव्हतं.

"न चाखता पानी सोरलंस?"

"वास येत होता."

"वास येतो म्हंजे खार निंगते. तवाच धीर धराचा असतो. तवाच सगले सोरतात."

तू एवढंच बोललीस. मग फळ्या परत लावल्यास. आपलं खाचर सर्वांच्या वर होतं. तुझं पाणी बिघडलं की खालच्या सात घरांचं बिघडायचं. लावणी पंधरा दिवस मागे गेली. संध्याकाळी तू त्या सातही घरांत गेलीस. मी मागून चालत होते. प्रत्येक दारात तू उभ्यानेच म्हणालीस, "माजीच चूक झाली. मीच फल्या वर ठेवून गेलू." एका घरातल्या म्हातारीने तुला नाही नाही ते ऐकवलं. तू ऐकून घेतलंस. वाटेत मी तुझा पदर धरला तर म्हणालीस, "पाय बघून टाक. निसरं हाय."

पुढे घराघरांतली माणसं कामाधंद्याला बाहेर पडली, बांधाला माती घालणारे हात राहिले नाहीत, खारीत पीक येईना. जमीन दिली गेली, मैदान झालं. उघाडीच्या जागी पाइप आला आणि त्याला लोखंडी झाकण. हे तुला माहीत आहे. तू त्या झाकणावर खुरप्याच्या दांड्याने दोनदा वाजवून बघितलंस आणि पुन्हा निंदायला बसलीस. ते झाकण आता गंजून अर्धं उघडं राहतं.

तर यंदा मी फुटलेला बांध आधी बुजवून घेतला. मग खाडीकाठची चिकण माती आणून चारही ग्रीनभोवती हातभर उंचीचे बांध घालायला लावले. पाइपाच्या तोंडाशी गोण्या रचल्या. पाऊस लागला आणि ज्या ग्रीनवरून पाणी निघावं म्हणून सगळं जग यंत्रं वापरतं, त्या ग्रीनवर मी पाणी भरून ठेवलं. मेंबर लोक वरच्या पाच होलांवर खेळत आणि खाली बघत. कोणीतरी म्हणालं, "आता बदकं पण सोडा." सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही एक काय ते ठरवा. पाणी बाहेर काढायचं की आत ठेवायचं?" म्हटलं, आधी ठेवायचं, मग काढायचं. त्यांनी चष्मा पुसला.

तिसरा दिवस पोळ्याच्या अमावस्येचा होता. सकाळपासून वास सुटला. मला खात्री नव्हती, आये. हे भात नव्हतं. हे गवत रोज कापलं जाणारं, लाडावलेलं. तीन दिवस पाण्याखाली राहून ते मेलं असतं तर खार निघून काय उपयोग. अकरा वाजता सेक्रेटरींचा फोन आला. "वास क्लब हाऊसपर्यंत येतोय. कम्प्लेंट्स आहेत. आत्ताच्या आत्ता सोडून द्या." मी म्हटलं, साडेपाचला सोडते. "साडेपाचला का? मुहूर्त आहे?" म्हटलं, ओहोटी आहे.  ते म्हणाले, "तुमची जबाबदारी." मी शेडच्या मागे गेले. तिथून कोणाला दिसत नाही. ग्रीनवरून उचललेली चिमूटभर माती खिशातून काढली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. खारं होतं, पण आदल्या दिवसाइतकं नव्हतं. क्लबचा बिल्ला लावलेल्या शर्टाच्या बाहीला मी तोंड पुसलं आणि साडेपाचपर्यंत पाइपाच्या तोंडाशी बसून राहिले. मावशी शेजारी येऊन बसली.  साडेपाचला बायकांनी ग्रीनभोवतीचे बांध फोडले आणि आम्ही दोघींनी गोण्या ओढल्या. पाणी तपकिरी होऊन निघालं, जोरात, एका दिशेने.

दुसरं पाणी गणपतीत अडवलं, तिसरं पितृपक्षात. मग पाऊस कमी झाला, ऊन पडलं आणि मी रोज सकाळी चवड्यांवर बसून बघायला लागले. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी पाचव्या ग्रीनच्या कडेला मेलेल्या काड्यांखालून पांढरा, दोऱ्यासारखा धुमारा निघालेला दिसला. मी बोटाने काड्या बाजूला केल्या. आणखी होते. मावशीला हाक मारली. ती गुडघ्यावर हात ठेवत आली, वाकली आणि म्हणाली, "ऊठ. सावली परते त्याच्यावर." दसऱ्यापर्यंत चारांपैकी तीन ग्रीन हिरवी झाली. सातव्याचा मधला भाग गेला तो गेलाच. तिथे वरच्या ग्रीनचे तुकडे आणून लावलेत आणि ते ठिगळ दिसतं. दिसू दे.

वसुबारसेच्या दिवशी सेक्रेटरी आले. चारही ग्रीनवर फिरले, सातव्यावर जरा थांबले, वाकून गवतावरून तळवा फिरवला. म्हणाले, "भरावाचं कॅन्सल. बाहेरचा बांध नीट करून घेऊ आणि तुमचं ते फळ्यांचं दार बसवू."  मग त्यांनी विचारलं, अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, हे तुम्ही शिकलात कुठे?"

मी म्हटलं, "एका पुस्तकात वाचलं होतं."

"वा. मग एक पान लिहून द्या ना, पुस्तकाच्या नावासकट. कमिटीला देतो. पुढे तुम्ही नसलात तरी राहील."

ते गेले. मावशी दोन हातांवर निंदत होती. मान वर न करता म्हणाली, "तुज्या आयेनं पुस्तक कवा लिवलं गो?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मग ती म्हणाली, "मना पन दे एक. फोटो असतील तर बघीन." आणि पुन्हा खुरपं चालू.

त्या पानासाठीच बसले होते. वर तारीख टाकली, विषय लिहिला, आणि खाली 'आये' लिहिलं गेलं. कमिटीचं पान दुसरं घेतलं आहे. त्यावर पहिली ओळ झाली: ही पद्धत माझ्या आईची, ती याच जमिनीत भात लावत असे. ते पान उद्या देईन. हे देणार कोणाला? सातही दारांत तू माझी चूक स्वतःची म्हणून सांगितलीस, आणि मला एका माणसासमोर तुझं नाव घेता आलं नाही. तुझी लाज वाटली म्हणून नाही. पुस्तक म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, हे मला सवयीने माहीत होतं, म्हणून.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुस्तकाच्या ओळीशी आल्यावर, खरं सांगते, मी ती गाळून पुढे वाचलं असतं.