म्हाळूचं जावळ

॥ खंडोबा प्रसन्न ॥
हट्टा, ता. वसमत
१६ फेब्रुवारी २०२५

ती. हनुमानदादास,
रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीला फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर मी ठरवलं की ह्या विषयावर तुझ्याशी फोनवर बोलायचं न्हाई. फोनवर तू मास्तर होतोस आणि मी रडते. कागदावर तुला मधीच बोलता येत न्हाई, म्हणून हे पत्र.

इकडं हळद काढणं चालू आहे. हे दिवसभर शेतात असतात. आबांच्या कळपात नवी कोकरं झालीत आणि म्हाळू त्यांच्यातच लोळून राहिला. त्याचे केस आता मानेच्या खाली आलेत. बाजारात बांगडीवाली त्याला ताई म्हणाली, तर तिच्याकडं बघून त्यानं असं तोंड केलं की अगदी तुझ्यावर गेलाय.

तुला ठाऊक आहे, सात वर्षं माझी कूस उजवली न्हाई, तेव्हा मी आणि माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, माळावरच्या खंडोबाला नवस बोलला. लेकरू दिलंस तर त्याचं पहिलं जावळ तुझ्या पायरीशी उतरवू, मामाच्या मांडीवर बसवून. दोन वर्षं तुझी वाट बघण्यात गेली. औंदा चैत्री पौर्णिमा बारा एप्रिलला आहे. त्याच दिवशी हनुमान जयंती. तुझ्या नावाच्या देवाचा वाढदिवस, निदान त्याची तरी भीड धर.

तू म्हणालास, दगडासमोर मी बसणार न्हाई. मला भांडायचं न्हाई, एकच विचारायचंय. तू चुकला असशील तर? चुकलास तर तू तुझं निभावशील रे. पण भोगायचं माझ्या लेकरानं.

आईला दंडवत, नितावहिनीला नमस्कार. राग धर, पण माया सोडू नको.

तुझी,
रागिणी


कनेरगाव नाका
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रागिणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे आशीर्वाद कुणाच्या वतीनं, असं आई शेजारी बसून विचारते. माझ्याच वतीनं आहेत, तेवढ्यावर भागव. तिचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. तुझं पत्र तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा तुझ्याच बाजूनं मान हलवली.

तुझा प्रश्न मला नवा नाही. लोक विचारतात, गुरुजी, असं काय झालं की देवावरून मन उडालं? काहीच झालं नाही. विचार केला, पटलं नाही, एवढंच. पण मी चुकलो असेन, हे मनात येतं. माझ्या वर्गात एखादं पोरगं गणित चुकतं, पण स्वतःच्या डोक्यानं करतं. त्याच्यावर मी कधी ओरडत नाही. जो शेजाऱ्याचं बघून बराबर उत्तर लिहितो, त्याच्यावर ओरडतो. देव असलाच, तर निदान माझ्याइतका मास्तर तरी असेल. पटलेलं नसताना मी हात जोडले, तर त्याला ते कळणार नाही का?

आणि माझ्या चुकीची शिक्षा म्हाळूला देणारा देव असेल, तर त्याच्यापासून लेकराला लांब ठेव, असंच मी म्हणेन.

आता माझा प्रश्न. तू चुकली असशील तर? ज्या वर्षी नवस बोलला, त्याच वर्षी नांदेडला तुम्हा दोघांचे उपचार झाले, हे तूच मला सांगितलं होतंस. रागावू नको, पण तुझ्या भक्तीत मला भक्ती कमी आणि भीती जास्त दिसते.

मी येणार नाही, असं आजच म्हणत नाही. येईन असंही म्हणत नाही. भागवतरावांना नमस्कार, आबांना दंडवत, म्हाळूला पापा. भाऊ वाकडा असला तरी तुझाच आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा,
हनुमान


॥ खंडोबा प्रसन्न ॥
हट्टा
२१ मार्च २०२५

ती. दादास,
रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं ते भीतीचं वाक्य वाचून मी पत्र फडताळात टाकून दिलं होतं. मग इथं असं काही घडलं की ते परत काढावं लागलं.

होळीच्या आधीपासून ऊन तापलं आणि म्हाळूच्या डोक्यात गळवं झाली. केसांखाली दिसली न्हाईत. हात लावला की ओरडायचा. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं तर मागच्या बाजूला पू झालेला. त्या म्हणाल्या, आजच्या आज केस काढा, न्हाईतर मलम पोचणार न्हाई. मी म्हणाले, पौर्णिमेपर्यंत थांबलं तर? त्यांनी मलम लिहून दिलं आणि 'आज' ह्या शब्दाखाली रेघ ओढली.

घरी आले तर आबा ऐकेनात. आबा मला कधी वाकडा शब्द बोलले न्हाईत, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी म्हणाले, नवस माझ्या तोंडानं बोललेला आहे, मामा न्हाई, पायरी न्हाई, कात्री लावायची न्हाई. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, तीन-चार आठवड्यांनी काय होतंय, हळद लाव. यांना विचारलं तर हे आबांच्या तोंडाकडं बघून राहिले.

मी म्हाळूला घेऊन ओसरीवर बसले. पोरगं रडून रडून झोपलं होतं आणि त्याच्या डोक्याला वास येत होता. तेव्हा तुला विचारलेला प्रश्न माझ्याकडंच फिरला, दादा. तू चुकलास तर माझं लेकरू भोगंल, असं मी तुला लिहिलं. इथं तर मी चुकून राहिले होते आणि लेकरू भोगत होतं.

मी घरात जाऊन कात्री आणली. पहिली बट अर्धीच तुटली. मनात म्हणाले, देवा, ह्याच्यावर तू रागावणार असशील, तर तू कसा आहेस हे मला आजवर चुकीचं समजलं. तसं असंल तर ते मला आजच कळू दे. मग सगळे केस कापले. अंगणात आबा उभे होते. काठी उचलून निघून गेले.

दिवस मावळताना परत आले. देवळात जाऊन आलो म्हणाले. माझ्यासाठी माफी मागायला गेले होते. मला वाटलं, आता बोलतील. तर म्हाळूच्या डोक्यावरून पदर बाजूला करून त्यांनी ती गळवं बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, "पोरी, तिथं उभा राह्यलो तर माफी कशाची मागावी तेच कळंना. देवानं केस मागितले व्हते. लेकराची तकलीफ न्हाई मागितली. ते म्याच वरून लावलं."

आता डोकं सुकत आलंय. केस पांढऱ्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेत.

माझी भक्ती भीतीची आहे का, ह्याचं उत्तर मला अजून देता येत न्हाई. थोडी असंल. पण कात्री लावून झाल्यावर मी देव्हाऱ्यापुढं बसले, तेव्हा भीती नव्हती आणि देव होता. उपचारांनी लेकरू झालं असंल, व्हय. मला कुणाचे तरी आभार मानायचे होते, आणि नांदेडच्या डॉक्टरांना पेढे देऊन ते संपले न्हाईत.

तू यावंस असं अजून वाटतं. पण आता नवसासाठी न्हाई. तुझ्यावाचून अडलेलं न्हाई, म्हणून मोकळेपणानं बोलावते.

जशी आहे तशी मला आपली म्हण.

तुझी,
रागिणी


कनेरगाव नाका
२७ मार्च २०२५

चि. सौ. रागिणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास मला नीट घेता आला नाही. मुलांना वाचन दिलं आणि खिडकीपाशी उभा राहिलो.

मी असतो तर काय केलं असतं, याचा विचार करतो. काप, म्हणालो असतो, त्यात शंका नाही. पण मला ते सोपं होतं. माझं काही पणाला लागलेलं नव्हतं. तू जिच्यावर सगळा भार टाकला होतास, तीच गोष्ट खोटी ठरली तर ठरो, म्हणून कात्री उचललीस. इतकी वर्षं मी पोरांना सांगत आलो की आपलं म्हणणं तपासून बघायला धीर लागतो. स्वतःच्या अशा गोष्टीवर मी तो धीर कधी केला, मला आठवत नाही.

देवाबद्दल माझं मत बदललेलं नाही. बदललं असं म्हटलं तर तूच मला ढोंगी म्हणशील. पण तुझ्याबद्दल मी चुकलो होतो. तुझी श्रद्धा म्हणजे भीती, असं मी वीस वर्षं धरून चाललो आणि एकदाही तुला विचारलं नाही.

म्हाळूला मांडीवर घ्यायला मी येतो. फक्त तुला आधीच सांगतो, हात जोडणार नाही, नैवेद्य दाखवणार नाही. भंडारा कुणी लावला तर पुसणार नाही. आबांना हे चालेल का, ते विचारून कळव. त्यांचं मन दुखणार असेल, तर मी देवळाच्या बाहेर लिंबाखाली बसेन.

आईनं आत्ताच पिशवी भरायला घेतली आहे. गोडतेल, कुंची आणि कशाकशाची पुडकी आहेत. पौर्णिमा अजून लांब आहे असं तिला कुणी सांगावं?

लोभ आहेच, आता जरा आदरही त्यात मिसळून घे.

तुझा,
हनुमान


॥ खंडोबा प्रसन्न ॥
हट्टा
३ एप्रिल २०२५

ती. दादास,
रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, कणीक भिजवून ठेवली आहे. आबांना विचारलं. ते म्हणाले, मामाची मांडी पाहिजे, हातांचं नवसात काही बोललेलो न्हाई. आणि लिंबाखाली कशाला, तिथं मेंढ्या बसतात.

गळवांच्या जागी आता बारीक नवे केस आलेत. पौर्णिमेला न्हावी तेच उतरवील आणि फडक्यातले जुने केस देवापुढं ठेवू. आईला मागच्या शिटावर बसवू नको, गाडी उडती. वहिनीला सुट्टी मिळत असंल तर घेऊन ये. वाट बघते. बाकी भेटीत.

तुझी,
रागिणी


कनेरगाव नाका
१५ एप्रिल २०२५

चि. सौ. रागिणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. आई गाडीतून उतरल्यापासून गल्लीत सगळ्यांना जावळाची गोष्ट सांगत आहे. तिच्या गोष्टीत मी हात जोडले होते. मी दुरुस्ती करायला गेलो तर म्हणाली, मनातून जोडले असशील, तुला काय माहीत. या युक्तिवादाला माझ्या विज्ञानात उत्तर नाही.

तू बाजूला बायकांत होतीस, म्हणून एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. न्हाव्यानं शेवटचा वस्तरा फिरवला, तेव्हा म्हाळू माझ्या मांडीवर झोपून गेला होता. एवढे ढोल वाजत होते, तरी झोपला. माझ्या कपाळाला कुणीतरी भंडारा फासला. आबा म्हणाले, मामा, आता लेकराच्या डोक्यावर हात ठेवा आणि मागून घ्या. सगळे देवाकडं तोंड करून उभे होते. मी म्हाळूकडं बघितलं. ते मऊ, ताजं भादरलेलं डोकं, मागं वाळलेल्या गळवांचे डाग. मी एवढंच म्हणालो की सुखात राहा रे बाबा.

आबा माझ्याजवळ वाकले. मला वाटलं, चुकलं काहीतरी. त्यांनी हळूच विचारलं, "हे कुणाला म्हणलाव?"

मी म्हणालो, "म्हाळूला."

त्यांनी म्हाळूच्या मानेवरचे केस झटकले. मग म्हणाले, "बराबर हाय. आमी बी त्यालाच म्हणतोत. फक्त जरा वरून फिरून म्हणतोत." आणि त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला. दोघांचे हात त्या लेकराच्या डोक्यावर किती तरी वेळ तसेच होते. मांडीला मुंग्या आल्या, पण मला पाय हलवावासा वाटला नाही.

आपल्या दोघांत कोण चुकलंय, ते मला माहीत नाही, रागिणी. मला वाटतं तू. तुला वाटतं मी. पण त्या दिवशी उन्हात बसून मला पहिल्यांदा वाटलं की हे ठरायच्या आधीही आपल्याला एकाच पायरीवर बसता येतं.

मेच्या सुट्टीत म्हाळूला इकडं पाठव. त्याला सायकल शिकवतो. पडंल थोडा, तेवढं सोस.

तुझा लोभ असाच राहू दे, आणि वाद घालायचा असेल तर आता फोन केलास तरी चालेल.

तुझा,
हनुमान