दुसऱ्या टेबलाची उजवी बाई

१४ तारीख, मंगळवार, दुपारी

माझ्या छकुलीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे आहेत. तुझी आई बरी आहे, वेळेवर जेव म्हणते. तुझं पत्र शनिवारी आलं. फोन न करता पत्र लिहिलंस तेव्हाच ओळखलं, काहीतरी जड आहे. पण ते मागून. आधी आनंदाचं.

तुझा पहिला नंबर आला. मी चार इयत्ता शिकलेली बाई, त्याही रडतखडत, आणि माझी नात माणसांचा अभ्यास करून पहिली येते. माणसांचाही अभ्यास असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं. आम्ही आपला फुकटच करत होतो. लाँड्रीत सगळ्यांना सांगितलं. इस्त्रीवालीला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ती नीट जळली नव्हती.

तुझा रिपोर्ट बोट ठेवून ठेवून वाचला. सोळा दिवस लागले. आमच्या दवाखान्याच्या लाँड्रीत तू दीड महिना वही घेऊन बसलीस, बायकांना वाटायचं पोरगी माशा मारते. आणि तू तर वाफेचा वाससुद्धा लिहून ठेवलास. ‘दुसऱ्या टेबलाची डावी बाई’ म्हणजे मी. चाळीस पानांत अकरा वेळा आहे, मोजलं. ‘उजवी बाई’ म्हणजे आपली ताड. नाव तू कोणाचंच घातलं नाहीस, शहाणी ती. पण टेबल लपवायचं राहिलं ग. लाँड्रीत नावानं कोण कोणाला ओळखतं? सव्वीस वर्षं ती उजवीकडे, मी डावीकडे. ती ताडासारखी, मी बुटकी, चादर धरली की नेहमी तिरकी. टेबल हेच आमचं नाव.

एकविसावं पान मी तीनदा वाचलं. किती बारीक नजर तुझी. ताडची नजर जाऊन सहा वर्षं झाली हे मुकादमिणीच्या नाकाखाली कोणाला कळलं नाही. घडी घालण्याआधी चादर ताणून डाग बघायचा असतो. डाग मी बघायचे आणि माझं टोक हलकं ओढायचे. एक ओढ म्हणजे डाग, दोन म्हणजे स्वच्छ. मग ताड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “ही परत धुवायला. डोळे फुटलेत का धुणाऱ्यांचे?” सहा वर्षांत डागाची एक चादर पेशंटपर्यंत गेली नाही. तुला मात्र चौथ्याच दिवशी दिसलं. “आजी, तू मधेच ओढतेस का ग?” माझा ऊर भरून आला आणि मी सगळं सांगून बसले. जीभ माझी, पण नातीपुढे माझी राहत नाही.

तर तू विचारलंस, ताड आजी कशी आहे. बरी आहे. घरी असते. आता तिला आराम.

शेजारणीच्या मांजरीला चार पिल्लं झाली. एक पांढरं आहे.

खरं काय झालं ते सांग म्हणतेस, तुझ्या कॉलेजच्या मॅडम सांगत नाहीत म्हणतेस. बरं.

तुझी परीक्षा चालू होती. मॅडम आभार मानायला आल्या आणि रिपोर्ट दवाखान्याच्या साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तिथंच पानं उलटली, मग आम्हा दोघींना टेबलाशी उभं केलं. मॅडम म्हणाल्या, “आम्ही कोणाची ओळख दिलेली नाही.” साहेब म्हणाले, “दुसरं टेबल मला ठाऊक आहे.” ढिगातून चादर काढून आमच्या हातात दिली. “उजव्या बाई, डाग आहे का सांगा.”

डाग होता. मधोमध, तळहाताएवढा. ताडनं मान वाकवून बघितल्यासारखं केलं, ते ती छान करते. माझ्या ओढीची वाट बघत होती.

आता तूच विचार कर. मी ओढलं असतं तर तिनं बरोबर सांगितलं असतं आणि तुझा रिपोर्ट तिथल्या तिथं खोटा पडला असता. नंबर अजून लागायचा होता. पोरीनं मनानं रचलं म्हणाले असते.

मी हात तसेच ठेवले.

“स्वच्छ आहे,” ताड म्हणाली.

कोणीतरी हसलं, इस्त्रीवालीच असणार. साहेब ताडला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मला म्हणाले, तुम्हाला दिसतं, तुम्ही राहा. आणि मॅडमना म्हणाले, “पोरीचं खरं निघालं.” छकुले, तेवढं एकच वाक्य माझ्या कानात राहिलं.

बाहेर आल्यावर ताड म्हणाली, “बुटके, ओढलं का नाहीस?” मी म्हटलं, “ऐन वेळी हात आखडला बघ.” तर ती बया तिथंच पायरीवर बसून माझा हात चोळायला लागली. अजून चोळते. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाते, ती तेल कोमट करून वाट बघत असते. नजरेचं मुकादमिणीनं ओळखलं आणि तुला सांगितलं असं तिनं धरलंय. मी सांगितलं नाही तसं, पण तिचा समज मोडलाही नाही. तुझ्यावर तिचा राग नाही. “पोर लिहायलाच बसली होती, लिहिणारच,” म्हणते. तू तान्ही असताना मी घड्या घालायचे आणि ती चादरींची ढकलगाडी पायानं हलवत तुला निजवायची, तेच सारखं सांगत बसते.

म्हणून सुट्टीत माफी मागायला येते म्हणतेस, ते मनातून काढ. माफी मागितलीस की ती विचारणार, तुला सांगितलं कोणी. तुला खोटं बोलता येत नाही, तेवढी माझ्यावर गेली नाहीस. या वयात मला दुसरी मैत्रीण कुठून मिळायची?

येशील तर वही घेऊन ये. काम सुटल्यावर बाईचं काय होतं यावर पुढचा भाग लिही म्हणाल्यात ना मॅडम? ताड दिवसभर मोकळीच असते. एक जुनी चादर आहे, तिची दोन टोकं दाराच्या कडीला बांधते, दोन हातात धरते आणि ताणून उभी राहते. मधेच थांबते, काहीतरी ऐकल्यासारखी. दोन पानं सहज भरतील. समोर बसून रडलीस तरी तिला दिसायचं नाही, फक्त आवाज करू नकोस.

माझ्या हाताची काळजी नको. त्याला कधीच काही झालं नव्हतं.

तुझ्या पहिल्या नंबराची आजी,
दुसऱ्या टेबलाची डावी बाई